अहवालात पावसाळा नव्हता

जनसुनावणीची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली होती. पण शेजारीच घरकुलाची यादी लागलेली, त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पेपरातली जाहिरात एका इंग्रजी आणि एका कन्नड दैनिकात आली होती. आमच्या गल्लीत येतात ते मराठी पेपर. जिथं पेपर पोचत नाहीत तिथं दवंडी पिटायची, अशी तरतूद नियमात आहे, हे मी नंतर वाचलं आणि हसू आलं. आमच्याकडं दवंडीचं काम डेअरी करते. सकाळी दूध घालायला गेले तर कुणीतरी म्हणालं, "कारखान्यावर मंडप घालणार हाईत म्हणं. डिस्टिलरीची मीटिंग हाय, डीसी ऑफिसचं साहेब येणार." डीसी म्हणजे आमच्याकडचे जिल्हाधिकारी.

आमचं गाव कर्नाटकात, निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठाला. पाटगाव धरणाकडून येणारी ही नदी कागल तालुक्यातून आमच्याकडं उतरते, पुढं दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कल्लोळजवळ कृष्णेला. काठाला ऊस, वर माळाला तंबाखू नि सोयाबीन. आमचा ऊस ज्या कारखान्याला जातो त्यानं मळीपासून अल्कोहोल काढायचा नवा प्रकल्प मांडला होता. ही गोष्ट 2019 च्या महापुरानंतरच्या हिवाळ्यातली, ऐन गाळप हंगामातली.

मला यात पडायचं कारण इतकंच, की लग्नाआधी मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलेलं. ते गावात सगळ्यांना माहीत. त्यामुळं सोसायटीचे चेअरमन घरी आले आणि ओट्यावर टेकत म्हणाले, "वैनी, तेवढं वाचून सांगा की काय लिवलंय ते. आमास्नी काय त्यातलं कळतंय?" आत मामंजी बसलेले. ते कारखान्याचे जुने सभासद, वार्षिक सभा कधी चुकवली नाही त्यांनी. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली नाही, पण कातरण्याचा आवाज वाढला.

वाचायचं तर कागद हवेत. अशा प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी लागते, जनसुनावणी हा तिचाच भाग. तिची सगळी पद्धत 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्राच्या अधिसूचनेत दिलेली आहे. सुनावणीआधी निदान 30 दिवस नोटीस द्यायची. पर्यावरण परिणाम अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा पंचायत, जिल्हा उद्योग केंद्र, संबंधित ग्रामपंचायत अशा ठिकाणी लोकांना बघायला ठेवायचा. सोबत त्याचा सारांश, इंग्रजीत आणि राज्याच्या किंवा स्थानिक भाषेत. आता आमच्याकडं राज्याची भाषा एक आणि गल्लीतली दुसरी. सारांश कन्नडात होता. कन्नड मला वाचता येतं, पण मामंजींच्या वयाची माणसं मराठी शाळेत शिकलेली. एका निवृत्त गुरुजींनी दोन रात्री बसून त्याचं मराठी केलं नि झेरॉक्स काढून वाटलं. त्याचे पैसे कुणी दिले ते अजून ठरायचं आहे.

पूर्ण अहवाल इंग्रजी. एका कार्यालयात गेले तर "फाईल साहेबांकडं आहे, जेवणानंतर या". जेवणानंतर साहेब मीटिंगला. शेवटी मिळाला तो आमच्याच पंचायतीच्या कपाटात, खताच्या जाहिरातीच्या गठ्ठ्याखाली. कागद मागताना तोंडी मागू नये. एका ओळीचा अर्ज करावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. शिक्का मारायची वेळ आली की फाईल साहेबांकडून लगेच येते.

एवढा जाडजूड अहवाल बघून पहिल्यांदा छाती दडपते. पण त्यातली निम्मी पानं कुठल्याही कारखान्याच्या अहवालात असतात तीच: भारतात इथेनॉलची (पेट्रोलमध्ये मिसळायच्या अल्कोहोलची) गरज किती, जिल्ह्याची लोकसंख्या किती, कोणकोणती झाडं आढळली. ती सोडून द्यायची. बघायचं ते जागेचा नकाशा, पाणी कुठून घेणार, सांडपाणी कुठं जाणार, आणि मोजमापं कधी घेतली. या शेवटच्या मुद्द्यावर मी अडकले.

अहवालासाठी प्रकल्पापासून 10 किलोमीटरच्या घेरातली हवा, पाणी, माती, आवाज तपासतात. तपासायचं ते एका ऋतूत, तीन महिने, आणि पावसाळा सोडून. तशी पद्धतच आहे. आमच्या अहवालातली मोजमापं मार्च ते मे 2019 मधली होती. म्हणजे नदी आटलेली, बंधाऱ्यात हिरवं पाणी, गाळप संपलेलं. त्यानंतर ऑगस्टमध्ये पूर आला. यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, आमच्या खालच्या गल्लीतली माणसं शाळेत राहिली, ऊस पिवळा पडून कुजला. आणि पुरानंतर छापलेल्या त्या अहवालात पुराबद्दल जेमतेम दोन ओळी: प्रकल्पाची जागा नदीपासून सुरक्षित अंतरावर आहे.

नकाशात एक निळा चौकोन होता. त्यावर लिहिलेलं, 'स्पेंटवॉश लॅगून'. लॅगून म्हणजे तळं. माझ्या जावेनं मोबाईलवर दिशांक ॲप उघडून सर्व्हे नंबर लावला. कर्नाटकातलं हे ॲप जमिनीवर उभं राहिलं की कुठल्या सर्व्हे नंबरात आहात ते दाखवतं. तो चौकोन ओढ्याच्या वळणावर येत होता. 2019 मध्ये त्याच रानातून आम्ही म्हशी बाहेर काढल्या होत्या.

स्पेंटवॉश म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण सुनावणीत अर्ध्या लोकांना हे मळीचंच दुसरं नाव वाटत होतं. मळी आंबवून अल्कोहोल काढून घेतलं की जे उरतं ते. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण 8 ते 15 लिटर. गडद तपकिरी, गरम, आंबूस, करपलेल्या गुळासारखा वास असलेलं. त्यात विष घातलेलं नसतं, उसाचंच आहे सगळं. पण कच्च्या स्पेंटवॉशचा बीओडी लिटरला 40-50 हजार मिलिग्रॅमच्या घरात असतो आणि नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे 30 मिलिग्रॅमची. बीओडी म्हणजे ते पाणी कुजताना नदीतला किती प्राणवायू खाईल त्याचं माप. तो संपला की मासे वर येऊन आ वासतात. पंचगंगेत हे कितीदा झालंय ते शिरोळकडच्या पाहुण्यांना विचारा.

म्हणून नव्या डिस्टिलऱ्यांना बाहेर थेंबही सोडायची परवानगी नसते. आधी त्यातून गॅस काढायचा, मग आटवायचं, घट्ट राहिलेलं बॉयलरमध्ये जाळायचं नाहीतर प्रेसमडमध्ये (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात) मिसळून खत करायचं. झेडएलडी, म्हणजे झिरो लिक्विड डिस्चार्ज, म्हणतात त्याला. पद्धत चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. फक्त आटवायच्या आधी ते काळं पाणी साठवायला तळं लागतं, आणि ते तळं कुठं आहे यावर आमचा सगळा जीव.

घरात यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं. मामंजींचं म्हणणं एकच. "डिस्टिलरी झाली तर ऊसबिल येळंवर मिळंल. तुमी शिकलेली माणसं कारखाना बंद पाडाय निघालाय." त्यांचं चुकीचं नव्हतं. साखरेचे दर पडले की बिलं थकतात. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात. आणि ज्या कारखान्याला आपला ऊस तुटून जायचा, त्याच्याच मंडपात उभं राहून वाकडं बोलायचं, मग तोडीची टोळी आपल्या रानात कधी येणार? ही भीती बोलून दाखवत नाही कुणी, पण नदीकाठच्या प्रत्येक घरात ती असते. मी त्यांना म्हटलं, "मामा, नको म्हणत नाही मी. तळं वर घ्या म्हणते." ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र स्वतः उठून देवळाच्या पायरीवरची पुराची खूण दाखवायला आले. 2005 ची खाली, 2019 ची तिच्या वर. तेलरंगात काढलेली रेघ.

जावेचा भाचा रस्त्याच्या ठेकेदाराकडं लेव्हल मशीनवर आहे. रविवारी त्याला बोलावलं. देवळाच्या पायरीपासून ओढ्यापर्यंत पातळी घेत गेलो, मी काठी धरून आणि तो डोळा लावून. तळ्याच्या बांधाची उंची अहवालातच दिलेली होती. पुराची रेघ त्या बांधापेक्षा हातभर वर निघाली. मग पुराचे मोबाईलमधले फोटो गोळा केले. तारीख दिसणारे ठेवले, बाकीचे बाजूला.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. अहवालात वाऱ्याच्या दिशांचं एक चक्र काढलेलं असतं, विंड रोझ म्हणतात. उन्हाळ्यात मोजलं म्हणून त्यात वारा पश्चिमेकडचा. बॉयलर चालणार हिवाळ्यात, तेव्हा वारं पूर्वेकडून वाहतं. म्हणजे राख आणि धूर जाणार अहवालात दाखवलेल्या बाजूच्या बरोबर उलट, कागल तालुक्यातल्या गावांकडं. ही गावं महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात, पण दहा किलोमीटरच्या घेरात. त्यांना नोटीसही नाही. आम्ही पाहुण्यारावळ्यांत फोन केले.

लेखी हरकत सुनावणीआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं देता येते. आम्ही ती कन्नडात नि मराठीत दोन्हीत दिली. राज्यघटनेच्या 350 व्या कलमानं गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं, पण आपलं म्हणणं टेबलावरच्या माणसाला पहिल्या वाचनात कळावं हा हिशेब वेगळा. गुरुजींचा मसुदा 'सदर प्रकल्पामुळे शेतकरी देशोधडीला लागेल' असा सुरू होत होता. मी तो बाजूला ठेवला, त्यांना राग आला. मग असं लिहिलं: अमुक पानावर तुम्ही असं म्हणता, जागेवर असं आहे, हे फोटो, ही पातळी, म्हणून तळं अमुक सर्व्हे नंबरातून काढून माळाकडं न्यावं. कोरडं वाटतं वाचायला. पण 'देशोधडी'ला उत्तर म्हणून 'प्रकल्पामुळे रोजगार मिळेल' एवढं लिहून भागतं. सर्व्हे नंबराला तसं भागत नाही.

सुनावणीचा दिवस. कारखान्याच्या पटांगणात मंडप, दोन्ही बाजूंनी पोलीस, आत शिरतानाच हजेरीचं रजिस्टर. त्या सहीवरून बाहेर गोंधळ. कुणीतरी उठवून दिलेलं की सही केली म्हणजे प्रकल्पाला पाठिंबा. बायका हात मागं घेत होत्या. हजेरीची यादी इतिवृत्ताला जोडतात, सही म्हणजे फक्त आलो होतो एवढंच, हे मी फाटकाशी उभी राहून सांगत बसले. आत पुढच्या खुर्च्या कामगारांनी आणि गट ऑफिसच्या माणसांनी सकाळपासूनच धरलेल्या. मागं उसाच्या ट्रॅक्टरचे हॉर्न, वजनकाट्याची घंटा, आणि मंडपाच्या पलीकडं मसालेभाताचा वास.

स्टेजवर अध्यक्ष म्हणून अपर जिल्हाधिकारी, शेजारी प्रदूषण मंडळाचे अधिकारी. कारखान्याच्या सल्लागारानं पडद्यावर चित्रं दाखवली, बोलणं कन्नड, अक्षरं इंग्रजी. मग लोकांना बोलायला सांगितलं. पहिले सगळे पाठिंब्याचे. एकेकानं हार आणलेला, ठराव आणलेला. एकानं तर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छाही देऊन टाकल्या. आमच्या बाजूचा एक तरुण उठला नि थेट "हा प्रकल्प आम्ही होऊ देणार नाही" अशी घोषणा. टाळ्या, शिट्ट्या, समोरून उलट घोषणा, पोलीस पुढं. पाच मिनिटं त्यात गेली, आणि लिहून घेणाऱ्यानं पेन खाली ठेवलेलं मी बघितलं.

कागलकडचे शेतकरी उभे राहिले तेव्हा मागून ओरड झाली, "ते महाराष्ट्रातले, त्यांचा काय संबंध?" अपर जिल्हाधिकाऱ्यांनी हात वर करून गप्प केलं. ज्याला ज्याला प्रकल्पाची झळ बसू शकते त्याला बोलता येतं, कोरमचीही अट नाही, असं त्यांनी कन्नडात आणि मग मोडक्या मराठीत सांगितलं. बरं वाटलं.

माझी पाळी आली तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती. हातात कागद होता तरी आवाज कापला. फोटो पुढं दिले, पातळीचा तक्ता दिला, विचारलं, "तुमची मोजमापं मेमध्ये संपली. ऑगस्टमध्ये हे पाणी तुमच्या तळ्याच्या जागेवर होतं. पूर आला तर तळ्यातलं पाणी कुठं जाईल?" सल्लागार म्हणाले, प्रकल्प झेडएलडी आहे. मी म्हटलं, झेडएलडी मान्य, पूर आला तर? ते म्हणाले, तळ्याला अस्तर आहे. खालून झिरपणार नाही हे कळलं, वरून आलेल्या पाण्याचं सांगा. मंडपात जरा शांतता झाली. अपर जिल्हाधिकारी कारकुनाकडं वळले, "बरकोळ्रि." लिहून घ्या.

मग अध्यक्षांनी प्रश्न संपले का विचारलं आणि मंडप उठला. भात वाढायला सुरुवात झाली होती. खरी सुनावणी माझ्या मते तिथून पुढं होती. कारण नियमाप्रमाणं, जे जे बोललं गेलं त्याचा गोषवारा तिथंच, लोकांसमोर, लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो. मग त्यावर अध्यक्षांची सही होते. सुनावणीत मतदान नसतं. हात किती वर झाले, घोषणा कुणाच्या मोठ्या, याला पुढं काही किंमत नाही. मंजुरी द्यायची की नाही याची शिफारस बंगळूर नाहीतर दिल्लीतली तज्ज्ञ समिती करते, आणि ती समिती वेदगंगा बघायला येत नाही. तिच्यासमोर जातो तो हा गोषवारा, व्हिडिओ, आणि प्रत्येक मुद्द्यावर कारखान्यानं दिलेलं उत्तर.

वाचन सुरू झालं तेव्हा खुर्च्यांवर आम्ही मोजकीच. मंडळाचा माणूस भरभर वाचत होता. माझा मुद्दा आला: 'एका महिलेने पुराबद्दल चिंता व्यक्त केली.' एवढंच. मी उठले. म्हटलं, चिंता नाही व्यक्त केली, सर्व्हे नंबर दिलाय, पातळी दिलीय, तळं हलवा म्हटलंय, ते लिहा. तो म्हणाला, मॅडम, सविस्तर व्हिडिओत आहेच. गुरुजी शेजारून कडाडले, "व्हिडिओ कोण बघतंय ओ? लिहा की!" अपर जिल्हाधिकाऱ्यांनी पुन्हा वाचायला लावलं, दुरुस्ती झाली. सर्व्हे नंबर, ऑगस्ट 2019, जोडलेले फोटो, तळं माळाकडं नेण्याची मागणी. वाऱ्याचाही मुद्दा तसाच नीट करून घेतला. गोंधळात 'होऊ देणार नाही' म्हणणाऱ्या पोराच्या नावावर 'विरोध केला' एवढीच ओळ होती. त्याला सांगायला गेलो तर तो भाताच्या रांगेत.

पुढचं सगळं कागदोपत्री. इतिवृत्त पंचायतीत लागलं. लोकांच्या मुद्द्यांची दखल घेऊन कारखान्याला अंतिम अहवाल करावा लागतो, तो केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर बघता येतो. आमच्या हातात तो आला तेव्हा निळा चौकोन माळाच्या कडेला सरकलेला होता आणि मातीच्या तळ्याऐवजी काँक्रीटची टाकी दाखवली होती. हिवाळ्यातल्या वाऱ्याची मोजमापं पुरवणीत जोडली होती. मंजुरीतल्या अटींत टाकीभोवती भूजल तपासायचे बोअर आले. मराठीत माहितीफलक लावा ही मागणी कुठंच आली नाही. तिला उत्तरही नाही. रात्री वास येतो त्याबद्दल 'योग्य काळजी घेतली जाईल' हे वाक्य. काही जणांचं म्हणणं होतं की हरित लवादात जाऊ. मंजुरीपासून 30 दिवसांत अपील करता येतं, आमच्यासाठी चेन्नईचं खंडपीठ. पण जे मुख्य मागितलं ते मिळालं होतं आणि वकिलाच्या फीचा आकडा ऐकून उरलेले गप्प झाले.

जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला. यमगर्णीला महामार्ग पुन्हा बंद. बांधकाम चालू होतं. पाणी ओढ्याच्या वळणावर, जुन्या निळ्या चौकोनाच्या जागी, पुरुषभर होतं. टाकीचा पाया कोरडा. मामंजींनी मोबाईलवर फोटो काढायला लावला आणि तो कारखान्याच्या एका संचालकाला पाठवायला लावला, खाली काही न लिहिता.

त्याच वर्षी आणखी एक झालं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायच्या योजनेसाठी, आधीच मंजुरी असलेल्या साखर कारखान्यांचे आणि डिस्टिलऱ्यांचे विस्तार केंद्रानं अशा गटात टाकले ज्याला जनसुनावणी लागत नाही. म्हणजे उद्या त्या योजनेसाठी हीच डिस्टिलरी वाढवायची झाली तर मंडप नाही, रजिस्टर नाही, वाचन नाही. देशाला इथेनॉल हवंय ते कळतं. पण ओढा कुठं वळतो हे तेव्हा कोण सांगणार, याचं उत्तर मला त्या कागदात मिळालं नाही.

आता उरलं आहे ते अर्धवार्षिक अहवालांचं. मंजुरीच्या अटी पाळल्या की नाही याचा अहवाल कारखान्यानं दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो. आम्ही तो ग्रामसभेत वाचायचा ठराव करून घेतला आहे. गेल्या खेपेच्या अहवालात भूजलाचे आकडे होते, सगळे मर्यादेत, पण कुठल्या बोअरचे ते लिहिलेलं नव्हतं. बोअरचे नंबर आणि नकाशा मागणारं पत्र दिलंय, शिक्का घेतलाय.